पौर्णिमेची ड्यूटी

परदेशी भुतांमध्ये लांडगामाणसाइतका गरीब जीव दुसरा नाही. ड्रॅक्युलाचं बघा. स्वतःचा किल्ला, कडक इस्त्रीचा काळा झगा, वयाची अट नाही, आणि बायका आपणहून मान पुढे करतात. ममीलासुद्धा राहायला निदान एक थडगं आहे, तेही राजघराण्यातलं. लांडगामाणसाच्या नशिबी महिन्याकाठी एक रात्रपाळी, आणि तीही न मागता गळ्यात पडलेली. रात्री काय केलं ते सकाळी आठवत नाही. झुडपात जाग येते तेव्हा सदऱ्याच्या चिंध्या झालेल्या, तोंडाला रक्त लागलेलं आणि गावकरी बंदुका घेऊन शोधायला निघालेले. त्यात दिवसा हा माणूस सज्जन असतो, म्हणून त्याला केल्याची लाजही वाटते. ड्रॅक्युला लाजलाय असं कधी कुणी पाहिलंय?

ही लाज ज्या दिग्दर्शकाला सापडते त्याचा लांडगामाणूस लक्षात राहतो. ज्याला सापडत नाही त्याचा नुसताच केसाळ होतो. 2010 साली आलेला 'द वुल्फमन' परवा पुन्हा पाहिला आणि हे मत अधिकच पक्कं झालं. सोबत आत्या होती. आत्या वेंगुर्ल्याकडची, म्हणजे भूतविषयात घरचाच अभ्यास. कुठलं भूत कोणत्या झाडावर, कशाने भागतं आणि कशाने बिथरतं हे तिला तोंडपाठ आहे. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, पण या सिनेमाला त्याची गरजही पडत नाही. बरेचसे संवाद धुक्यातच विरून जातात.

काळ 1891. इंग्लंडातलं ब्लॅकमूर नावाचं गाव. गावाबाहेर टॅलबट घराण्याची हवेली. एक भाऊ रानात फाडलेल्या अवस्थेत सापडतो, म्हणून रंगभूमीवर शेक्सपिअर गाजवणारा दुसरा भाऊ लॉरेन्स घरी येतो. तो बेनिसिओ देल तोरो. घरात म्हातारा बाप सर जॉन, म्हणजे अँथनी हॉपकिन्स. आणि मेलेल्या भावाची वाग्दत्त वधू ग्वेन, म्हणजे एमिली ब्लंट.

हवेली म्हणून दाखवलेली वास्तू डर्बिशरमधली चॅट्सवर्थ. ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या घराण्याची, आणि एरवी पर्यटक तिकीट काढून तिथलं फर्निचर बघायला जातात. सिनेमावाल्यांनी तिच्यावर अशी काही अवकळा आणली आहे की बघत राहावं. दिवाणखान्यात पाचोळा, कोपऱ्यात जळमटं, एवढ्या मोठ्या दालनात मिणमिणत्या चार मेणबत्त्या. "एवढी मोठी वास्तू आणि केर काढायला एक माणूस नाही?" आत्याने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं. गॉथिक म्हणतात ते हेच, असं मी तिला सांगितलं. श्रीमंत माणसाचं घर, पण झाडलोट बंद. त्यात पाप, पूर्वजांची तसबीर आणि एक कुलूपबंद तळघर घातलं की प्रकार पूर्ण होतो.

या बाबतीत सिनेमाला मी पैकीच्या पैकी गुण देतो. धुकं अस्सल आहे, चंद्र ढगांतून नेमका हवा तेव्हा बाहेर येतो, मिलेना कॅनोनेरोने शिवलेले कपडे इतके देखणे आहेत की लांडग्याने ते फाडले की जीव हळहळतो. कुठलीही चौकट थांबवून भिंतीवर लावावी. अडचण एवढीच की सिनेमा चौकटीत थांबायला तयार नाही. त्याला घाई आहे. वातावरण जमतंय न जमतंय तोच मागून कुणीतरी 'भॉ' करतं, वाद्यं एकदम किंचाळतात आणि आपण दचकतो. दचकणं आणि घाबरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दचकायला प्रेशर कुकरची शिटीही पुरते, त्यासाठी पंधरा कोटी डॉलर लागत नाहीत. हो, सुमारे पंधरा कोटी डॉलर लागले या सिनेमाला. जगभरातून परत आले जेमतेम चौदा.

आता प्रेमाचं. भावाची चिता, म्हणजे त्यांच्याकडची कबर, अजून ओली आहे, आणि लॉरेन्स ग्वेनला तळ्याकाठी नेऊन पाण्यावर दगडाच्या टिपऱ्या कशा उडवायच्या ते शिकवतो. दगड दोन-तीन उड्या मारतो आणि तेवढ्यावर दोघांचं जुळतं. "होणारी वहिनी ना रे ती त्याची?" आत्या म्हणाली. मग बराच वेळ ती लांडग्याच्या बाजूची झाली.

देल तोरोची पंचाईत वेगळीच आहे. तो जुन्या राक्षसपटांचा खरा भक्त, या सिनेमाचा एक निर्माताही तोच. पण त्याच्या चेहऱ्यावर मुळातच अमावास्या आहे. भुवया दाट, डोळ्यांखाली काळं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. लांडगा होण्याआधीच हा माणूस निम्मा लांडगा आहे. सज्जन, हसरा, सरळ माणूस बिघडला तर आपल्याला वाईट वाटणार. हा पहिल्या प्रसंगापासून खिन्न, त्यामुळे चावा बसल्यावर फक्त दाढी वाढवायची राहिली होती असं वाटतं. हॉपकिन्सने याच्या उलट केलं आहे. त्याने भूमिका चघळत चघळत, मधेच स्वतःशी हसत, मजेत केली आहे. एवढ्या मजेत, की गावात खून होताहेत, घरात हॉपकिन्स वाघाचं कातडं खांद्यावर घेऊन बसलाय, आणि तरीही खुनी कोण हे शोधायला स्कॉटलंड यार्डहून माणूस बोलवावा लागतो याचंच नवल वाटतं. (तो माणूस म्हणजे ह्यूगो वीविंगचा इन्स्पेक्टर अॅबरलाइन. जॅक द रिपरच्या तपासावर 1888 साली याच आडनावाचा खराखुरा अधिकारी होता. तिथेही आरोपी सापडला नव्हता, तेव्हा पात्राची निवड योग्य म्हणायची.)

तर बाप हाच मूळ लांडगा. आणि त्याला हा रोग लागला कुठे? हिंदुकुश पर्वतात, गुहेत राहणाऱ्या एका रानटी पोराने चावा घेतला तेव्हा.

इथे मी सरसावून बसलो. कारण ही इंग्रजांची जुनी खोड आहे. 1935 सालच्या 'वेअरवुल्फ ऑफ लंडन'मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ साहेब एक दुर्मीळ फूल शोधायला तिबेटात जातो आणि चावा खाऊन परततो. त्याआधी 1890 साली किपलिंगने 'द मार्क ऑफ द बीस्ट' ही गोष्ट लिहिली. तिच्यात एक दारू प्यालेला साहेब आपल्याकडच्या मारुतीच्या देवळात मूर्तीची विटंबना करतो, तिथला एक महारोगी त्याच्या छातीला तोंड लावतो आणि साहेब लांडग्यासारखा गुरगुरू लागतो. म्हणजे पहा, चहा इथून नेला, नीळ इथून नेली, कापूस नेला, कोहिनूर नेला, आणि घरात लांडगा निघाला तर म्हणे तोही इथूनच आला. खरं तर इंग्लंडमधले अस्सल लांडगे त्यांनी स्वतःच काही शतकांपूर्वी मारून संपवले. घरचा माल संपल्यावर आयात करावीच लागते.

आयातीबरोबर एक नोकरही आलाय. सिंग नावाचा शीख सेवक, आर्ट मलिकने केलेला. सिनेमातलं सगळ्यांत शहाणं पात्र हेच. दर पौर्णिमेला मालकाला तळघरात कोंडून बाहेरून कुलूप घालण्याचं काम त्याच्याकडे. चांदीच्या गोळ्याही त्यानेच जपून ठेवलेल्या. सगळं माहीत, सगळी तयारी, आणि तरीही वर्षानुवर्षं एकही गोळी न झाडता हा मालकाला नाश्ता देतोय. "सोडून का जात नाही मेला?" आत्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. इंग्रजी भयपटातल्या भारतीय नोकराला पगाराची, रजेची आणि पळून जाण्याची सोय कधीच नसते. शेवटाआधी त्याचा बळी जातो हेही ठरलेलं, आणि इथेही तो जातो.

या सिनेमातला खरोखर उत्तम प्रसंग मात्र हवेलीत नाही, लंडनच्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. लॉरेन्सला पकडून तिथे आणतात, बर्फाच्या पाण्यात बुचकळतात, सुया टोचतात. मग बडे डॉक्टर पौर्णिमेच्या रात्री भर सभागृहात, इतर डॉक्टरांच्या देखत, त्याला खुर्चीला आवळून बसवतात. हा रुग्ण स्वतःला लांडगा समजतो. आता चंद्र उगवेल, काहीही होणार नाही, आणि त्याचा भ्रम दूर होईल, असं त्यांचं व्याख्यान सुरू होतं. अँटनी शेरने हे डॉक्टर इतके आत्मतुष्ट उभे केले आहेत की आपल्या ओळखीचे दोन-चार प्राध्यापक आठवतात. डॉक्टरांची पाठ रुग्णाकडे. समोरच्या बाकांवरचे लोक मात्र रुग्णाकडे बघताहेत. हाडं कडकडतात, चेहरा ताणला जातो, बाकांवर चुळबुळ सुरू होते, आणि डॉक्टर बोलतच आहेत. आत्या इथे मनापासून हसली. मीही. भयपटात हसू येणं हा दोष धरतात, पण इथे ते हसू त्या व्याख्यानाने कमावलेलं आहे. पुढे लांडगा लंडनच्या छपरांवरून धावतो तो तुकडाही झकास आहे. सिनेमा तिथेच संपवला असता तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

केसांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यासाठी या सिनेमाला ऑस्कर मिळालं. रंगभूषा रिक बेकर आणि डेव्ह एल्सी यांची. हा बेकर म्हणजे या धंद्यातला दादा माणूस. 1981 सालच्या 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये त्याने भर उजेडात, बैठकीच्या खोलीत, माणसाचा लांडगा करून दाखवला होता. हात लांबतो, पाठ फुगते, जबडा पुढे येतो, आणि सगळं रबर, फोम आणि हुन्नर. रंगभूषेचं ऑस्कर दरवर्षी द्यायला सुरुवात झाली तेव्हाचं पहिलं त्यालाच मिळालं. (त्याच सिनेमावर डोळा ठेवून आपल्याकडे 1992 मध्ये महेश भट्टांनी 'जुनून' काढला. आपल्या हवामानाला लांडगा मानवला नसावा. राहुल रॉय पौर्णिमेला वाघ व्हायचा.) असा माणूस हाताशी असताना 2010 मध्ये माणसाचा लांडगा होण्याचं काम दिलं कुणाला? संगणकाला. बेकरच्या वाट्याला आला तो पूर्ण झालेला लांडगा. तो अप्रतिम आहे, 1941 च्या मूळ सिनेमातल्या लांडगामाणसाचा मान राखून केलेला आहे, पण अधलीमधली गंमत गेली. संगणकाच्या लांडग्याला कुठेही काही दुखत नाही.

असं का झालं याचं कारण पडद्यामागे आहे. दिग्दर्शक ठरला होता मार्क रोमानेक. चित्रीकरणाला थोडेच आठवडे उरले असताना तो बाहेर पडला आणि घाईघाईने जो जॉन्स्टनला बोलावलं. प्रदर्शनाची तारीख 2008 पासून ढकलत ढकलत फेब्रुवारी 2010 पर्यंत आली. संकलनाला नवे हात लागले, त्यांत वॉल्टर मर्चसारखा बडा माणूस. संगीत आधी डॅनी एल्फमनचं होतं, मग ते काढून पॉल हॅसलिंगरचं घेतलं, मग तेही काढून पुन्हा एल्फमनचं लावलं. तीन सुगरणींनी आळीपाळीने येऊन मीठ घातलेली आमटी जशी लागेल तसा हा सिनेमा लागतो; प्रत्येकीचा हात चांगला, पण आमटी खारट. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रॉन मायर यांनी जाहीर कार्यक्रमात आपल्याच कंपनीच्या अत्यंत वाईट सिनेमांमध्ये याची गणना केली. घरातल्या वडीलधाऱ्यानेच असं म्हटल्यावर शेजाऱ्यांनी काय बोलावं? तरी मी म्हणेन, मायरसाहेब जरा जास्तच बोलले. सिनेमा टाकाऊ नाही. त्याला फक्त नेमकं कशाची भीती दाखवायची ते ठरवता आलं नाही.

हे ठरवलेलं पाहायचं तर मूळ 'द वुल्फ मॅन'कडे जावं लागतं. 1941 चा, काळा-पांढरा, अवघा सत्तर मिनिटांचा. त्यातल्या चुका मोजायला बसलं तर आणखी सत्तर मिनिटं लागतील. लॉन चेनी ज्युनिअर हा सहा फुटांहून उंच गडी, आणि त्याचा बाप ठेंगणा क्लॉड रेन्स. नायक गावात आल्या आल्या बापाच्या दुर्बिणीतून एका मुलीच्या खोलीत डोकावतो, मग सरळ तिच्या दुकानात जाऊन खोलीत ठेवलेली कानातली मागतो, आणि पोलिसात तक्रार न करता ती मुलगी त्याच्याबरोबर फिरायला जाते. बेला लुगोसीला शाप लागतो तेव्हा त्याचा चार पायांचा अख्खा लांडगा होतो. तोच शाप चेनीला लागतो तेव्हा तो दोन पायांवर चालतो. आणि सगळ्यांत मोठी गंमत कपड्यांची. चेनी शर्ट काढून बनियनवर बसलेला असताना त्याचं रूपांतर सुरू होतं. पुढच्या क्षणी रानात लांडगा दिसतो तो गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या शर्टात. म्हणजे केस उगवल्यावर, नखं वाढल्यावर, याने आधी शर्ट घातला, एकेक गुंडी लावली आणि मग शिकारीला निघाला. संस्कार म्हणायचे ते हे.

माणसाचा लांडगा होताना त्यात दाखवलेत ते फक्त पाय. बूट-मोजे काढलेले, आणि पायांवर केस दाट होत जातात. मला हे नेहमी काटकसरीचं लक्षण वाटायचं. आत्या मात्र एकदम खूश झाली. "बरोबर आहे. भूत ओळखायचं तर पायच बघायचे." आमच्याकडे हडळीचे पाय उलटे, आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो म्हणून त्याला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तिच्या मते या इंग्रजांना निदान एवढं तरी ठाऊक होतं. चेहऱ्यासाठी जॅक पियर्सने चेनीला याकचे केस तासन्‌तास चिकटवले, पण आत्याच्या लेखी परीक्षा पायांपाशीच पास झाली.

तिला एकच गोष्ट पटत नव्हती. पौर्णिमा. आमच्याकडचा सगळा व्यवहार अमावास्येचा. पौर्णिमेला कसलं भूत? कोजागिरीला आपण गच्चीत आटवलेलं दूध पीत बसतो, कारण कोण जागं आहे हे पाहत लक्ष्मी हिंडते अशी समजूत. इंग्लंडात त्याच चांदण्यात जो जागा असेल त्याला लांडगा खातो. आत्याची शंका रास्त निघाली. 1941 च्या सिनेमात पूर्ण चंद्राची अट नाहीच. त्यात शरद ऋतूतला चंद्र आहे आणि एक विषारी फूल आहे. पौर्णिमा पक्की झाली ती 1943 च्या पुढच्या भागात. तो शाप सांगणारी चार ओळींची कविता लोक आजही जुनी लोकपरंपरा समजतात, पण ती पटकथाकार कर्ट सिओडमाकने स्वतः रचली. बळी जाणाऱ्या माणसाच्या तळहातावर दिसणारा ताराही याच सिनेमाने रूढ केला.

हा सिओडमाक ड्रेस्डेनचा ज्यू. नाझी आले तसा 1933 मध्ये जर्मनी सोडून निघाला, आधी इंग्लंडात आणि मग अमेरिकेत पोचला. ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मनीतल्या ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणं सक्तीचं झालं. पुढचा बळी कोण हे ताऱ्यावरून ओळखायचं, आणि मारणारा कालपर्यंत शेजारचा भला माणूस होता, ही कल्पना त्याला कुठून सुचली असेल याबद्दल समीक्षकांनी बरंच लिहिलंय. मला त्यात ओढाताण वाटत नाही. पर्ल हार्बरवर 7 डिसेंबरला हल्ला झाला आणि त्याच आठवड्यात हा सिनेमा लागला. लोक खऱ्या भीतीने गांगरलेले असतानाही तो चालला.

चालला तो चेनीमुळे. त्याचा लॅरी टॅलबट काही फार हुशार नाही. चांगला, धिप्पाड, थोडा बावळट माणूस. आपण रात्री काय करून आलो हे कळल्यावर तो कोसळतो. चांदीच्या मुठीची काठी तो स्वतःच बापाच्या हातात देतो. शेवटी रानात बाप त्याच काठीने लांडग्याला ठेचून मारतो, केस हळूहळू मावळतात आणि खाली मुलाचा चेहरा दिसतो. क्लॉड रेन्स काहीच बोलत नाही. आत्याही बोलली नाही.

2010 मध्ये हाच बाप आणि हाच मुलगा शेवटी काय करतात? हॉपकिन्स शर्ट फाडून लांडगा होतो, देल तोरो लांडगा होतो, आणि पेटलेल्या हवेलीत दोघे एकमेकांना भिंतींवर आपटतात. बाप-लेकाचं जे दुःख होतं त्याची कुस्ती झाली. बापाला लाज नाहीच, तो तर खुशाल आहे. आणि मुलाला लाजायला वेळ मिळत नाही.

तरीही पाहा म्हणेन. 2010 चा पाहणार असाल तर थिएटरात लागला तो 103 मिनिटांचा नको, दिग्दर्शकाची 119 मिनिटांची आवृत्ती घ्या. तिच्यात धुक्याला थोडी सवड मिळाली आहे आणि आगगाडीत मॅक्स फॉन सिडो काही मिनिटांपुरता भेटतो. इस्पितळाचा प्रसंग चुकवू नका, कुस्ती सुरू झाली की चहा टाकायला उठलात तरी चालेल. मग 1941 चा लावा. क्रम हाच ठेवा. उलट्या क्रमाने पाहिलात तर नवा शेवटपर्यंत बघवणार नाही.